साडूंनी अडवलेला जिना

परवाना बघितल्याशिवाय कुणाच्या हातचा चहासुद्धा घ्यायचा नाही, असं व्रत घेतलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि देवाने तो नेमका माझा साडू म्हणून पाठवला. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे नातं आपल्याला निवडता येत नाही. आपण बोहल्यावर चढतो तेव्हा साडू आपल्या आधीच त्या घरात पाय पसरून बसलेला असतो. माझे साडू बहारीनला सलमाबादच्या एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते आणि माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. मीना सलमान बंदरातल्या गोदामात स्टोअरकीपरची नोकरी मला त्यांनीच लावून दिली, त्यामुळे त्यांच्यावर मनासारखं चिडायचीही सोय नव्हती. तरी मी चिडलो. चांगला वर्षभर चिडलो. कशावरून, तेच सांगायला बसलोय.

त्यांना अरबी बोलायला तोडकंमोडकं यायचं. वाचायला मात्र आकडे आणि महिने तेवढे पक्के, कारण परवान्याची मुदत कधी संपते हे कळायला तेवढं पुरतं. कुठल्याही दुकानात शिरले की आधी भिंतीकडे बघायचे. जिदहफ्सच्या बाजारातल्या न्हाव्याची मुदत एकदा टळली, तर त्याचा नवा कागद येईपर्यंत हा माणूस सव्वा महिना जटा वाढवून हिंडला. शेवटी साहेबाने तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. गाववाल्यांच्या खोलीवर सत्यनारायण होता, तेव्हा पोथी घेऊन बसलेल्या पेंटरला ह्यांनी संकल्पाच्या आधीच विचारलं, कुठल्या गुरुजींकडे शिकलात? तो बिचारा म्हणाला, कॅसेट ऐकून. साडू हात जोडून उठले, बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि प्रसादापुरते आत आले. प्रसाद हॉटेलातल्या आचाऱ्याने केला होता आणि त्याच्याकडे हेल्थ कार्ड होतं. लग्न ठरवतानासुद्धा त्यांनी मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागवला होता म्हणे. माझी मेहुणी शिक्षिका, ती काय ऐकून घेतेय! तिने उलट निरोप धाडला की मुलाने आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन यावं. दोघांनी एकमेकांचे कागद तपासले आणि मग पोहे खाल्ले. संसार मात्र सुखाचा झाला. मूलबाळ झालं नाही. ती चिपळूणला शाळेत शिकवायची आणि हे बहारीनला नकाशे काढायचे.

खिशात रुमालासोबत एक ओळंबा असायचा. दोरीला टांगलेलं ते पितळेचं वजन गवंडी भिंत सरळ आहे का बघायला लावतात ना, तेच. कुणाकडे जेवायला बोलावलं तर हे पानावर बसायच्या आधी दिवाणखान्याच्या भिंतीला ओळंबा लावून बघणार. एकदा माझ्या मॅनेजरच्या घरी त्यांनी भर पार्टीत जाहीर केलं की पूर्वेची भिंत पाऊण इंच बाहेर आलीय. मॅनेजर हसला. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात तोंड लपवून बसलो. ओळंब्यानंतर दुसरं काम म्हणजे टिचक्या मारणं. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो तसं हे भिंतीवर वाजवायचे आणि कान लावून ऐकायचे.

आम्ही राहायचो जिदहफ्सला, एका बहारीनी विधवेच्या घरामागच्या दोन खोल्यांत. सगळी गल्ली तिला हज्जिया म्हणायची. माणूस मोठा प्रेमाचा. जुन्या काळातली असल्याने तिला हिंदीही थोडंफार यायचं आणि माझ्या बायकोशी तिचं तेवढ्यावर भागायचं. माझी मुलगी मनू तेव्हा पाच वर्षांची, इंडियन स्कूलच्या केजीत. साडू दर शुक्रवारी सकाळी यायचे, दिवेलागणीला जायचे, आणि मधला सगळा वेळ मनूच्या ताब्यात असायचे. ते मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं बरं चालायचं. तिने त्यांच्याकडून टिचक्या मारायचं शिकून घेतलं. फ्रीज वाजवायची, हज्जियाचं दार वाजवायची, माझं पोट वाजवून 'काका, होलो!' म्हणजे पोकळ, असं सांगायची. साडू गंभीरपणे मान हलवायचे. एरवी फारसं न हसणारा हा माणूस शुक्रवारी मात्र निराळाच असायचा, हे मी बघत होतो.

कुवेतचं युद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. त्या हिवाळ्यात पाऊस जरा जास्त पडला आणि आमच्या आतल्या खोलीचं छत गळलं. गळण्याचं काही विशेष नव्हतं, तिकडे सगळ्यांचीच गळायची. पण शुक्रवारी जेवून चटईवर आडवे झालेले साडू एकाएकी उठून बसले. छताला तांबूस रेघ होती, तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी झाडूचा दांडा मागितला आणि छत वाजवायला लागले. कडेला ठक ठक आवाज आला, आणि मध्ये, मनूच्या खाटेच्या बरोबर वर, डब डब. दांडा ठेवला, खाट धरली आणि ओढत बाहेरच्या खोलीत नेली. नंतर म्हणाले की जुन्या लोकांनी समुद्राची वाळू वापरलीय, मिठाने आतल्या सळया कुजल्यात आणि हे आता प्लास्टरचं काम राहिलेलं नाही. हज्जियाने लायसन असलेला, घरं बांधणारा कॉन्ट्रॅक्टर बघायला हवा, बलदियाचा म्हणजे म्युनिसिपालिटीचा रुखसा काढायला हवा. परवान्याला तिकडे रुखसा म्हणतात. हज्जिया त्यांना पाठीमागे 'अबू रुखसा' म्हणायची, परवान्याचे वडील.

आता माझी बाजू ऐका. आमच्याकडे कोकणात पावसाआधी घर शाकारायचं असलं की कुणी लायसनवाला शोधत नाही. सावड असते. आज माझ्याकडे सगळी वाडी, उद्या तुमच्याकडे सगळी वाडी, आणि ज्याचं घर त्याने जेवू घालायचं. गाववाले बहारीनला आले तरी ही सावड सोबत घेऊन आले होते. कुणाची मोरी तुंबली, कुणाला फळी ठोकायची आहे, शुक्रवारी दहाजण हजर. आमच्यात तात्या म्हणून एक गवंडी होता, कागदावर एका दुकानाचा हेल्पर, पण हात सोन्यासारखा. तो वर जाऊन बघून आला. म्हणाला, खालचं पोकळ प्लास्टर पाडू, वरून चांगला जाड कोबा घालू, दोन शुक्रवारांचं काम. हज्जियाला काही खर्च नको, फक्त सिमेंट. ती खूश झाली. मीही खूश झालो, आणि त्याला कारण होतं. बलदियाचा माणूस आला की पहिल्यांदा खोल्या खाली करा म्हणणार. त्या भाड्यात तसं घर मला कुठेच मिळणार नव्हतं. राहायला घर नाही म्हणजे कंपनी मला बॅचलर खोलीत टाकणार, फॅमिली व्हिसा जाणार, आणि बायको-मुलगी चिपळूणला. दोन वर्षं अर्ज करकरून त्यांना आणलं होतं मी.

पुढच्या शुक्रवारी जेवताना मी हे सगळं साडूंना सांगितलं. ते ऐकून घेत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "जातील तर जाऊ देत चिपळूणला."

असं म्हणाले, भाताचा घास घेतल्यासारखं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुम्हाला काय जातंय बोलायला. स्वतःचं पोर असतं तर असं तोंडातून निघालं नसतं."

बायकोच्या हातातली पळी तशीच राहिली. साडूंनी घास संपवला, ताक प्यायले, ताट उचलून मोरीत ठेवलं, बायकोला आमटी छान झाली होती म्हणून सांगितलं, मनूच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. बायको माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मला लाज वाटली, नाही कशी वाटेल! पण त्या लाजेवर मी राग चढवून ठेवला आणि तात्याला येत्या शुक्रवारी माणसं घेऊन ये म्हणून कळवलं.

शुक्रवारी सकाळी मी दार उघडलं तर साडू आधीच गच्चीच्या जिन्यात बसलेले. जिना बाहेरून होता, एका माणसाच्या रुंदीचा, आणि तिसऱ्या पायरीवर हे मांडी घालून बसले होते, पूजेला बसावं तसे. थोड्या वेळात पिकअप आली. सिमेंटच्या गोण्या, घमेली, फावडी आणि दहा गाववाले. तात्या म्हणाला, साडूराव, उठा, ऊन व्हायच्या आत कोबा घालून घेऊ. साडू जागचे हलले नाहीत. म्हणाले, खाली टेकू नाही, कुठल्या सळईत किती जीव आहे कुणाला माहीत नाही, आणि त्याच्यावर तुम्ही दहा माणसं आणि ओला माल चढवणार. तात्याला राग आला. वीस वर्षं मी हेच करतोय, आयुष्य गेलं माझं ह्यात, असं तो म्हणाला.

"तुझं गेलं, तात्या," साडू म्हणाले. "ह्या पोरांचं अजून जायचंय."

मग तमाशाच झाला. कुणी विनवलं, कुणी हसलं, एकजण त्यांना उचलूनच बाजूला ठेवू म्हणाला. पण वडीलधारा माणूस, आणि त्यातल्या चौघांना नोकऱ्या ह्यांनीच लावून दिलेल्या. हात कोण लावणार? मी अंगणात उभा राहून नुसता धुमसत होतो. गलका ऐकून हज्जिया बाहेर आली. साडूंनी तात्याकडून शब्द घेतला की आपण आत जाऊन येईपर्यंत कुणी पायरी चढणार नाही, आणि तिला आतल्या खोलीत नेलं. झाडूचा दांडा तिच्या हातात दिला आणि तिलाच छत वाजवायला लावलं. म्हातारीने कडेला वाजवलं, मध्ये वाजवलं, पुन्हा कडेला वाजवलं. बाहेर आली ती बुरखा सावरत म्हणाली, "खलास. आज काम मफी." मफी म्हणजे नाही. एवढं बोलून ती आपल्या भावाला फोन करायला निघून गेली.

बायकोने पहाटेपासून कोंबडी-वडे केले होते. गाववाले ते मुकाट्याने जेवले. साडू परत जिन्यात जाऊन बसले होते, त्यांना कुणी हाक मारली नाही. शेवटी बायकोच ताट घेऊन गेली आणि त्यांनी तिथेच, तिसऱ्या पायरीवर, मांडीवर ताट घेऊन जेवण केलं. सगळी माणसं पिकअपमध्ये बसून गाडी गल्लीबाहेर गेल्यावरच ते उठले. इतका आमच्यावर विश्वास!

त्यानंतर त्यांनी कॉन्ट्रॅक्टर शोधायला घेतला. हज्जियाचा भाऊ खर्चाला उभा राहिला होता, पण माणूस निवडायचं काम तिने अबू रुखसावर सोपवलं. पहिला आला त्याच्या गाडीवर मोठी पाटी होती, पण सीआर, म्हणजे धंद्याचं रजिस्ट्रेशन, निघालं मेहुण्याच्या किराणा दुकानाचं. दुसऱ्याचा कागद खरा होता, पण फक्त रंगकामाचा. तिसऱ्याची मुदत संपून चार महिने झाले होते आणि तो इंशाल्ला इंशाल्ला म्हणत राहिला. चौथा म्हातारा बहारीनी, सगळे कागद ठाकठीक. एवढ्याने दुसरा कुणी गप्प बसला असता. साडूंनी त्याला त्याने बांधलेल्या तीन घरांचे पत्ते मागितले आणि जाऊन त्या घरांच्या भिंती वाजवून आले. कुणाकुणाच्या घरात ओळंबा घेऊन शिरले असतील, देव जाणे. परत येऊन ह्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, कामाच्या वेळी माणसांचा विमा असतो का, साइटवर इंजिनियर रोज येणार की कधीमधी, आणि हे सगळं लिहून देणार का? म्हातारा ऐकता ऐकता चिडला आणि म्हणाला, माझं सगळं बघितलंस, आता तुझा रुखसा दाखव. साडूंनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं आयटीआयचं सर्टिफिकेट काढून त्याच्यापुढे ठेवलं. म्हाताऱ्याने ते दोन्ही बाजूंनी वाचल्यासारखं केलं आणि गावा, म्हणजे त्यांची ती कडू कॉफी, मागवला. त्या दिवसापासून दोघांचं मेतकूट जमलं.

मी म्हणत होतो तसंच झालं. बलदियाचा इंजिनियर आला, पाच मिनिटं थांबला आणि मागच्या दोन्ही खोल्या खाली करायला सांगून गेला. पंधरा दिवसांत बायको आणि मनू चिपळूणला गेल्या. विमानतळावर साडू आले होते. मनूने त्यांना विचारलं, 'यू आर ऑल्सो कमिंग, काका?' ते म्हणाले, नाही बाळा, इथलं छत व्हायचंय. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. आणि गंमत बघा, कंपनीच्या बॅचलर खोलीत जागा नव्हती, म्हणून मला राहायला जावं लागलं ते सलमाबादला, त्यांच्याच खोलीत. ज्या माणसाने घर मोडलं त्याच्याच स्टोव्हवर मी सकाळचा चहा करत होतो. ते बोलायचे, मी हूं म्हणायचो. दर शुक्रवारी ते साइटवर जायचे आणि मी कूस बदलून झोपायचो.

महिन्या-दीड महिन्याने हज्जियाने बोलावलं म्हणून मी गेलो, तर तात्याही येऊन उभा होता. खोलीभर लोखंडी टेकू लावले होते आणि कामगार वरून स्लॅब तोडत होते. इंजिनियरने आतली एक सळई काढून दाखवली. तात्याने ती घेतली आणि दोन बोटांत दाबली. कुरडईसारखी मोडली. तो हातातला चुरा बघत राहिला, मग वर छताच्या भोकातून दिसणाऱ्या आभाळाकडे बघितलं. त्या शुक्रवारी कोण कोण आलं होतं ती नावं तो पुटपुटत होता, एकेक करून दहाही. त्यातला एक त्याचा सख्खा पुतण्या होता. पुढच्या शुक्रवारी तात्या सलमाबादला आला आणि साडूंना खोलीवर जेवायला घेऊन गेला.

मला मात्र ते पचायला वेळ लागला. माणूस बरोबर होता हे कळलं म्हणून राग जातो थोडाच! उलट जास्तच येतो. रुखसे, सह्या, काम, तपासणी ह्यांत वर्ष उलटलं. तोवर मनू चिपळूणच्या मराठी शाळेत पहिलीत बसली होती, सासूबाईंना अर्धांगवायू झाल्याने बायकोचा पाय तिथून निघत नव्हता, आणि कंपनीने फॅमिली व्हिसा बंदच केले होते.

काम पुरं झालं त्या दिवशी हज्जियाने आम्हा दोघांना बोलावलं. खोल्या नव्या चुन्याने पांढऱ्याशुभ्र झालेल्या. तिने किल्ली माझ्या हातात दिली आणि छोटीला आणा आता, भाडं तेच, असं म्हणून डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. आम्ही दोघं त्या रिकाम्या खोलीत उभे राहिलो. मी म्हटलं, त्या आता येत नाहीत, साडूभाऊ.

"माहीत आहे," ते म्हणाले. "त्या गेल्या की परत यायच्या नाहीत, हे मला त्या शुक्रवारीच कळलं होतं. छत वाजवलं तेव्हाच."

ह्या माणसाचं बहारीनमध्ये दुसरं होतं कोण? आठवड्याचा एक दिवस, एक घर, एक पोर. तेवढं सगळं एका बाजूला ठेवून तो जिन्यात बसला होता, आणि मी त्याला पोर नाही म्हणून हिणवलं होतं. मला रडू आलं. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, मी त्या दिवशी जेवताना जे बोललो ते...

"कुठल्या दिवशी?" ते म्हणाले. मग दाराकडे वळून, "पत्र लिहिशील तेव्हा मनूची उंची विचार. तिच्या आईला म्हणावं नीट मोज, चप्पल काढून."

मी विचारलं. उत्तर आलं त्या दिवशी साडूंनी ऑफिसातून टेप आणला, सलमाबादच्या खोलीत दाराशेजारच्या भिंतीवर जमिनीपासून माप घेतलं आणि टोकदार पेन्सिलीने एक आडवी रेघ मारून बाजूला बारीक अक्षरात महिना आणि वर्ष लिहिलं. रेघेसमोर जरा वाकून उभे राहिले आणि म्हणाले, वाढतेय. पुढच्या वर्षी दुसरी रेघ. आम्ही त्या खोलीत आणखी सहा वर्षं काढली, आणि दर वर्षी चिपळूणहून आकडा आला की ते टेप घेऊन भिंतीशी बसायचे. मध्ये रजेवर दोन-तीनदा दोघेही घरी जाऊन आलो, तिला पोटभर बघितलं, पण रेघ मारायची ती परत आल्यावर, ह्याच भिंतीवर. शेवटी त्यांची नोकरी संपली आणि त्यांच्यामागोमाग मीही खोली सोडली. किल्ली द्यायच्या आधी मी त्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, तेव्हा मनू माझ्या खांद्याला लागत होती.